वाडवडील : यातला 'वाड' वाड्याचा की आणखी कुठला?

रंकाळाकाठ

मंडळी, आमच्या भावकीत सध्या वंशावळ लिहून काढायचं काम चाललंय. चार पिढ्यांपलीकडचं तोंडपाठ सांगणारी माणसं आता थकली, म्हणून पोरांनी मनावर घेतलं. वहीच्या पहिल्या पानावर 'आमचे वाडवडील' असं लिहिलं आणि तिथंच वाद लागला. आमच्यातले एक जाणते म्हणाले, "वाडवडील हा शब्द वाडा असणाऱ्यांचा. सरदारांचा, इनामदारांचा. आपलं घर दोन खणांचं, त्यातही निम्म्यात जनावरं. आपण बापजादे लिहावं." बैठकीतल्या बऱ्याच जणांनी माना डोलावल्या.

मला हे मनापासून खटकलं. शब्दच परका मानून बाजूला ठेवायचा म्हणजे ज्या माणसांनी रानं कसली, विहिरी पाडल्या, त्यांचं थोरपण आपणच नाकारल्यासारखं होतं. म्हणून मी जे वाचलं, जुळवलं ते इथं मांडते. जाणकारांनी भर घालावी.

आधी 'वडील' बघू. आज आपण 'माझे वडील' म्हणजे बाप एवढंच धरतो. हा अर्थ नंतरचा. संस्कृतात 'वड्र' म्हणजे मोठा, प्राकृतात त्याचं 'वड्ड' झालं. तिथूनच हिंदीचा 'बडा' आला आणि आपला 'वडील'ही. म्हणजे वडील हा मुळात मोठा, थोर. गीतेतल्या 'यद्यदाचरति श्रेष्ठः' या श्लोकावर ज्ञानदेव लिहितात :

एथ वडील जें जें करिती । तया नाम धर्मु ठेविती ।
तेंचि येर अनुष्ठिती । सामान्य सकळ ॥

मूळात 'श्रेष्ठ' आहे आणि ज्ञानदेवांनी त्याला 'वडील' हा शब्द घेतला. शके १२१२ची ही मराठी. इथं बापाचा काही संबंध नाही, आणि कुणाच्या घराचा तर नाहीच नाही.

आता 'वाड'. जुन्या मराठी काव्यात 'वाड' हे स्वतंत्र विशेषण येतं. मोठा, थोर, पुष्कळ असा त्याचा अर्थ. 'वाडेंकोडें' हा शब्द अभंगवाचकांच्या ओळखीचा असेल. मोठ्या कौतुकानं, असा त्याचा भाव. हा 'वाड'ही त्याच 'वड्ड'चा. आपल्या रोजच्या बोलण्यातून तो गेला आणि 'वाडवडील' या जोडशब्दात तेवढा उरला. म्हणजे वाडवडील म्हणजे थोरांतले थोर. 'थोरमोठे' या शब्दाची घडण तंतोतंत अशीच आहे, दोन्ही बाजूला एकच अर्थ.

तुमच्याकडं काय म्हणतात? वाड्याचा अर्थ आणखी कुणी ऐकलाय का?

---

मोडीवाचक

धागा आवडला. कागदपत्रांच्या बाजूनं लिहितो.

जुन्या वतनी कागदांत 'वडील' हा शब्द पदोपदी येतो आणि तिथं तो बहुतेक वेळा 'थोरला' या अर्थानं असतो. वडील बंधू, वडील मुलगा, वडील शाखा. 'वडील मुलगा' हा प्रयोग आजच्या खरेदीखतात नि वारसनोंदीतसुद्धा सापडतो. वडीलचा अर्थ फक्त बाप असता तर मुलाला वडील कसं म्हणता आलं असतं? वडीलकीचा मानही थोरलेपणाचाच. आपल्या गावांत पाटलाच्या घराण्याच्या थोरली पाती आणि धाकटी पाती असतात, पोळ्याला कुणाचा बैल पुढं यावरून भांडणं होतात, ती सगळी या वडीलकीची.

आणि 'वडील' अनेकवचनात पूर्वजांसाठी कसा वापरला जायचा त्याला दासबोधाइतका सोपा दाखला नाही. मूर्खलक्षणाच्या समासात आहे :

आपली आपण करी स्तुती । स्वदेशीं भोगी विपत्ति ।
सांगे वडिलांची कीर्ती । तो येक मूर्ख ॥

शाळेत आम्हाला 'बापाची बढाई मारणारा' असा अर्थ सांगितला होता. समर्थांच्या बोलण्याचा रोख त्याहून लांबचा आहे. घराण्यात पूर्वी कोण कोण होऊन गेले त्यांच्या जोरावर मिरवणारा, असा. इथं नुसता 'वडील' हा शब्दच वाडवडिलांचं काम करतोय.

'वडिलोपार्जित' या शब्दाकडंही बघा. वडील हा देशी घडणीचा शब्द, उपार्जित संस्कृत, आणि दोघांचा संधी संस्कृत नियमानं. व्याकरणाच्या पुस्तकाला तो चालो न चालो, सात-बारा आणि कोर्टकचेरीनं तो पक्का केला. त्यातसुद्धा बापानं मिळवलेली जमीन असा अर्थ कुणी घेत नाही. बापानं स्वतः घेतलेली असेल तर ती स्वकष्टार्जित. वडिलोपार्जित म्हणजे वरून चालत आलेली.

---

भोगावतीचा_पट्टा

वडीलचं पटलं. वाडचं अजून पटत नाही.

माझं म्हणणं असं. घोडा पासून घोडदळ होतं, घोडेस्वार होतं. मग वाडा पासून वाडवडील व्हायला हरकत काय? आणि वाडा म्हणजे सरदाराचाच, असं का धरायचं? आमच्या करवीर-राधानगरी भागात चार घरांच्या वस्तीलाही वाडी म्हणतात, गुरं बांधायच्या जागेला गुरवाडा. वाडीतले वडील ते वाडवडील, असा अर्थ लावला तर तुमच्या भावकीचाही प्रश्न सुटतो.

---

रंकाळाकाठ

@भोगावतीचा_पट्टा, नुसत्या ध्वनीवर गेलं तर तुमची वाट बंद नाही. घोडदळ हे उदाहरण चोख आहे. पण दोन गोष्टी विचारात घ्या.

वाडा आणि वाडी हे संस्कृत 'वाट'चे. वाट म्हणजे कुंपण घातलेली जागा. म्हणून गुरवाडा, म्हणून फुलवाडी, म्हणून नरसोबाची वाडी, म्हणून जोतिबाच्या डोंगराचं कागदोपत्री नाव वाडी रत्नागिरी. हे सगळं कुळ जागेचं. आता ज्या जोडशब्दांत जागा पुढं येते तिथं ती पुढच्याला वेगळं करून दाखवते. गावदेव म्हणजे दुसऱ्या कुठल्या नाही, गावाचा देव. घरजावई म्हणजे घरी राहणारा जावई. वाडवडील तसं वेगळं करत नाही. वाड्यातले वडील एक आणि शेतातले वडील दुसरे, असं कुणी बोलताना ऐकलंय का? कुणब्यानंही वाडवडील म्हटलं, बलुतेदारानंही म्हटलं, ज्याला गावात घरच नव्हतं त्यानंही म्हटलं.

दुसरं म्हणजे, मोठा या अर्थाचा 'वाड' भाषेत आधीपासून उभा असताना आणि शेजारी त्याच कुळातला 'वडील' असताना त्याला वाड्यात शोधायला जायचं कारण राहत नाही.

---

कळंबा१

वाचतोय. वाचनखूण साठवली.

---

गुजरीचा_शेजारी

आमचं दुकान गुजरीत, शेजारी तीन पिढ्यांपासूनची गुजराती कुटुंबं. त्यांच्या बोलण्यातले दोन शब्द इथं उपयोगी पडतील. पूर्वजांना ते 'वडवा' म्हणतात. पणजोबाला 'वडदादा'. आणि वडीलधाऱ्या माणसाला आपल्यासारखंच 'वडील'. बापाला मात्र ते वडील म्हणत नाहीत, बाप वेगळा.

गुजरातीत 'वड' हा मोठा या अर्थानं पुढं लागतो हे यात सरळ दिसतं. वडदादा म्हणजे मोठा दादा, आजाच्याही वरचा. तिथं वाड्याचा प्रश्नच येत नाही. आपल्या वाडवडिलांमधला वाड याच घरातला, असं मला या शेजारामुळं कायम वाटत आलंय.

---

गडहिंग्लजकर

आमच्या बाजूला मराठी-कन्नड एकाच सोप्यात नांदतात, म्हणून कन्नडची बाजू मांडतो.

कन्नडमध्ये पूर्वजांना 'हिरियरु' म्हणतात. हिरिय म्हणजे मोठा, थोरला. गावांच्या नावात हिरे आणि चिक्क असं येतं ते हेच, मोठं आणि धाकटं. महालय अमावास्येला घरोघरी जी पूजा होते तिला 'हिरियर पूजे' म्हणतात, म्हणजे थोरल्यांची पूजा. त्यात आजा येतो, आजी येते, निपुत्रिक गेलेला चुलताही येतो. 'बाप' या अर्थाचा शब्द तिथं लागत नाही.

फारसीतला 'बुजुर्ग' बघा. अर्थ मोठा, म्हणून वयानं मोठा, म्हणून आदरणीय. हाच बुजुर्ग आपल्या गावांच्या नावामागं 'बुद्रुक' होऊन बसलाय. अमुक बुद्रुक म्हणजे थोरलं गाव, अमुक खुर्द म्हणजे धाकटं. आणि लांब रोमला गेलात तर लॅटिनमध्ये पूर्वजांना 'मायोरेस' म्हणत, त्याचा शब्दशः अर्थ 'अधिक मोठे'.

कन्नड द्राविड कुळातली, फारसी नि लॅटिन आपापल्या वाटेच्या. एकमेकींकडून उसनं न घेता सगळ्या एकाच जागी पोचल्या. आपल्या आधी जगून गेलेल्या माणसांना 'मोठे' म्हणावं, असं इतक्या ठिकाणच्या माणसांना वाटलं. मराठीनंही तेच केलं आणि एकदा म्हणून भागलं नाही म्हणून दोनदा म्हटलं, वाड आणि वडील.

---

तालमीचा_पोरगा

एक शंका. वाडवडील हा शेजारीपाजारी किंवा भाकरीबिकरी यासारखा नुसता नादाचा शब्द नसेल? म्हणजे वडील हा खरा शब्द आणि वाड हा जोडीला आलेला, अर्थ नसलेला.

---

मोडीवाचक

@तालमीचा_पोरगा, चांगली शंका. पण नादाच्या जोडशब्दांचा एक स्वभाव असतो. त्यात सुरुवातीचा वर्ण बदलतो. शेजारी-पाजारीत श चा प झाला, भाकरी-बिकरीत भा चा बि. उरलासुरला, अवतीभवती, आजूबाजू, कुठंही बघा. वाड-वडील मध्ये दोन्हीकडं व तसाच आहे आणि शेपूट वेगळं आहे. नादासाठी कुणी असं करत नाही. ही 'थोरमोठे', 'कामधंदा', 'सगेसोयरे' यांच्या पंगतीतली जोडी. दोन्ही अर्थाचे शब्द, एकानं दुसऱ्याला बळ दिलेलं.

---

शिरोळची_लेक

हा धागा वाचताना एक गोष्ट मनात आली, ती कुणी अजून बोललं नाही म्हणून लिहिते. वाडवडिलांत बायका येतात का?

माझ्या माहेरी वंशावळ आहे, सासरीही आहे. दोन्हीकडं कागदावर फक्त पुरुष. ज्यांच्या पोटी ही सगळी झाडं वाढली त्यांची नावंच नाहीत. विचारलं तर उत्तर मिळालं, "वडील म्हणजे पुरुषच की."

वर जे आलंय ते खरं असेल तर हे उत्तर शब्दाच्या विरुद्ध जातं. वडील म्हणजे मोठा, तर वडील बहीण होते, वडील जाऊ होते. माझी आजी तिच्या थोरल्या जावेला 'वडील जाऊबाई' म्हणायची आणि तिच्या शब्दाबाहेर नसायची. मग वाडवडील म्हणताना ती थोरली जाऊ का वगळायची?

---

रंकाळाकाठ

@शिरोळची_लेक, वगळायची नाहीच. तुमचा मुद्दा माझ्या मूळ लेखापेक्षा महत्त्वाचा आहे.

'वडील' पुढं बापापुरता आक्रसला आणि त्याबरोबर 'वाडवडील'ही पुरुषांपुरता झाला, असं मला दिसतं. 'आईवडील' हा शब्द त्या आक्रसण्याची खूण आहे. वडीलमध्ये आई येईनाशी झाली तेव्हा तिला वेगळं जोडावं लागलं.

'बापजादे' लिहायला माझा विरोध आहे तो यासाठीही. त्यात बाप समोरच उभा आहे, आईला जागाच नाही. शिवाय आपल्याकडं हा शब्द बहुतेक रागात नाहीतर हिणवताना येतो. "तुझ्या बापजाद्यांनी बघितलं होतं का?" असं म्हणतात. वाडवडिलांचं नाव घेतात ते पुण्याईसाठी. "वाडवडलांची पुण्याई म्हणून पोर वाचलं" असं आमच्या पेठेतली म्हातारी माणसं अजून म्हणतात, आणि म्हणताना हात आपोआप जोडले जातात.

---

घाटावरचा

पितर या शब्दाबद्दल कुणीच लिहिलं नाही. पंचगंगेच्या घाटाजवळ लहानाचा मोठा झालो, तेव्हा भाद्रपदाचा वद्य पक्ष डोळ्यांपुढं आहे.

पितर हा संस्कृत 'पितृ'चा, म्हणजे मुळात बापच. पण शास्त्रात त्याची व्याप्ती ठरवून दिलेली आहे. श्राद्धात तीन पिढ्यांना आवाहन असतं : पिता, पितामह, प्रपितामह. वसु, रुद्र आणि आदित्य ही त्यांची रूपं मानतात. बायकांचाही विचार आहे. माता, पितामही, प्रपितामही अशी दुसरी त्रयी, शिवाय सवाष्ण गेलेल्यांसाठी अविधवा नवमी. प्रपितामहाच्या वरचे पितर पिंडाचे थेट धनी नसतात, पिंड करताना हाताला चिकटून राहिलेल्या अन्नाचे ते भागीदार, म्हणून त्यांना 'लेपभाज्' म्हटलंय.

गावाकडं हे सगळं एका शब्दात येतं, 'म्हाळ'. महालयाचं म्हाळ झालं. ज्या तिथीला माणूस गेलं त्या तिथीला म्हाळ, तिथी ठाऊक नसेल तर सर्वपित्रीला. खीर, वडे, कढी, गवारीची भाजी, आणि आधी कावळ्याचा घास.

पितर आणि वाडवडील यांत मला एक फरक जाणवतो. पितर म्हटलं की विधी आला, विधी आला की मंत्र कुणी म्हणायचे आणि कुठले म्हणायचे हे आलं. या घाटावरच ते प्रकरण घडलंय. १८९९ साली शाहू महाराज कार्तिकस्नानाला आले असताना वेदोक्ताऐवजी, म्हणजे वेदांतल्या मंत्रांऐवजी, पुराणोक्त म्हणजे पुराणांतले मंत्र म्हटले जात होते, हे संस्कृतचे पंडित राजारामशास्त्री भागवतांनी त्यांच्या लक्षात आणून दिलं. तिथून वेदोक्ताचा लढा उभा राहिला. पुढं १९११ला कोल्हापुरात सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि पुरोहिताशिवाय घरची कार्यं करायला लोकांना आधार मिळाला. वाडवडील या शब्दाला अशी अडवणूक कधी झाली नाही. त्याला मंत्र लागत नाही, तिथी लागत नाही. सुगीत पहिलं कणीस हातात घेऊनही वाडवडिलांचं नाव घेता येतं.

---

सोप्यातली

पूर्वज राहिला की. तो तर सगळ्यात सरळ : पूर्व म्हणजे आधी, ज म्हणजे जन्मलेला. संस्कृतात थोरल्या भावालाही पूर्वज म्हणतात, कारण तोही आधी जन्मलेला. मराठीत तो अर्थ आला नाही.

पूर्वज हा मला पुस्तकातला शब्द वाटतो. विज्ञानाच्या पुस्तकात माकडं पूर्वज असतात, इतिहासाच्या पुस्तकात राजे. घरात तो शब्द येत नाही.

---

शब्दवेडा

आजा, पणजा यांच्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण वंशावळ करणाऱ्यांना हे शब्द रोज लागणार.

'आजा' हा संस्कृत 'आर्यक'चा. आर्य म्हणजे आदरणीय, त्याचं प्राकृतात 'अज्ज' झालं आणि आर्यकाचं 'अज्जय', मग आजा. आजी, आज्जी, आजोबा सगळे तिथलेच. कन्नडमधला 'अज्ज'ही या प्राकृताचाच. म्हणजे आजाही मुळात नात्याचा शब्द नाही, मानाचा आहे. वडीलची जी गोष्ट तीच आजाची.

आता खाली येऊ. 'नातू' हा 'नप्तृ'चा. प्त चं त्त झालं, मग एक त गळून आधीचा स्वर लांबला : नप्तृ, नत्तु, नातू. 'पणतू' हा 'प्रनप्तृ'चा. यातला प हा 'प्र'चा आणि ण हा नप्तृमधल्या न चा. पणतूमधला 'पण' असा आला.

आजाच्या वरच्याला 'प्रार्यक', प्राकृतात 'पज्जय'. यात कुठंही न नाही. तरी आपण पणजा म्हणतो. मला वाटतं हा ण पणतूच्या संगतीनं आला. पणजा आणि पणतू ही एकाच नात्याची दोन टोकं, एकाच श्वासात बोलली जाणारी. एकानं दुसऱ्याला आपल्यासारखं करून घेतलं असावं.

त्याच्या पलीकडं भाषा चाचपडते. खापरपणजा आणि निपणजा हे दोन शब्द आहेत, पण आधी कुठला हे घरागणिक बदलतं. आमच्या घरी पणजा, निपणजा, खापरपणजा असा क्रम. बायकोच्या माहेरी खापरपणजा आधी आणि निपणजा नंतर. म्हणून वंशावळीत नुसतं 'खापरपणजोबा' लिहून थांबू नये. आपल्यापासून कितवी पिढी ते आकड्यात लिहावं.

---

भोगावतीचा_पट्टा

सगळं वाचलं. गुजरातीचा 'वडदादा' आणि कन्नडचा 'हिरियरु' यांनी माझं बरंचसं समाधान झालं. तरी एक गोष्ट सोडवत नाही. उगम काहीही असो, आज शंभर माणसांना विचारलं तर निम्मी तरी 'वाडा'च सांगतील. लोकांच्या मनात जो अर्थ बसला तोही शब्दाचा अर्थच की. शंभर वर्षांनी कोशात तोच लिहिला जाईल.

---

मोडीवाचक

लोकांच्या मनातला अर्थ कोशात जातो हे खरं. पण तो अर्थ माणसाला शब्दापासून दूर लोटत असेल तर त्याला हटकलं पाहिजे. धागाकर्तीच्या भावकीत नेमकं तेच झालं ना? आमचा वाडा नाही म्हणून आमचे वाडवडील नाहीत, असं माणसं स्वतःच म्हणायला लागली. मी मोडी वाचतो ते असल्या गैरसमजांसाठीच. मिरासपत्रात, म्हणजे जमिनीच्या वंशपरंपरागत हक्काच्या कागदात, सामान्य कुणब्याच्या बाबतीतही 'वडिलांपासून चालत आले आहे' असंच लिहिलेलं असतं. कारकून त्याला घर केवढं हे विचारत नव्हता.

---

शिरोळची_लेक

@मोडीवाचक, मनापासून आभार. हे वाक्य आमच्याकडच्या बैठकीत वाचून दाखवणार आहे.

आणखी एक विचारायचंय. हेळवी अजून येतात का कुणाकडं? लहानपणी बैलावर बसून यायचे, आमच्या घराण्याची नावं धडाधडा म्हणायचे. मोठी झाले तसं दिसेनासे झाले.

---

गडहिंग्लजकर

@शिरोळची_लेक, आमच्याकडं येतात. सुगी उरकली, धान्य घरात आलं की. आता बैलाऐवजी मोटारसायकलवरही येतात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. हेळवी हे वंशावळी राखणारे लोक. उत्तर कर्नाटक आणि आपला कोल्हापूर-सांगली पट्टा हा त्यांचा फिरण्याचा मुलूख. 'हेळव' म्हणजे कन्नडमध्ये पांगळा. म्हणून बैलावर बसून यायची रीत, असं ते स्वतः सांगतात. प्रत्येकाची घराणी वाटून घेतलेली असतात आणि ती वाटणीही बापाकडून मुलाकडं जाते. मूळपुरुष कोण, तो कुठल्या गावाहून उठला, कुलदैवत कोणतं, भाऊ कुठं कुठं पांगले, हे त्यांच्या चोपड्यांत असतं. आल्यावर ते आधी म्हणून दाखवतात, मग मागच्या फेरीनंतर जन्मलेल्यांची नावं लिहून घेतात. घरधनी धान्य, कापड, पैसे देतो.

आमच्या हेळव्याला मी मागच्या सुगीला विचारलं, मुलींची नावं का घेत नाहीस? तो म्हणाला, सांगितली तर लिहितो, कुणी सांगतच नाही. मग मी बसून दोन्ही बहिणींची, माझ्या मुलीची, आईची आणि आजीची नावं सांगितली, आई-आजीच्या माहेरच्या गावांसकट. त्यानं काही न बोलता लिहून घेतली आणि वाचून दाखवली. आजीचं नाव चावडीवरच्या नोंदीत एक आणि घरात हाक मारायचं दुसरं होतं, तर त्यानं दोन्ही लिहिली.

तुमच्याकडचा हेळवी कोण हे भावकीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा. गावाचं नाव कळलं तरी माग काढता येतो, कारण त्यांच्यात कुठलं गाव कुणाकडं हे एकमेकांना ठाऊक असतं. आणि तो येईल तेव्हा वही नि पेन घेऊन बसा, कारण तो म्हणतो फार भरभर.

---

रंकाळाकाठ

@गडहिंग्लजकर, आमच्याकडचे हेळवी चिकोडीच्या बाजूचे होते एवढं एका आत्यांना आठवतंय. गावाचं नाव त्यांच्या जिभेवर आहे पण येत नाही. चिकोडीकडचं कुणी इथं असेल तर कृपया सांगा, आडनाव आणि मूळ गाव व्यक्तिगत निरोपातून कळवते.